समुद्राचे ऋतु आणि गळाची शिकार

[नभोवाणीवरून केलेलें भाषण]



खोल समुद्रांत हौसेनें केली जाणारी गळाची मासेमारी आणि तिचे ऋतु, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मी बीड जिल्ह्यांतील वडवणीचा राहणारा. ज्या गांवीं चैत्र-वैशाखांत पिण्याच्या पाण्याची चिंता पडते, तेथील माणसानें अथांग पाण्याच्या गोष्टी सांगाव्या यांत कांहींशी विसंगति आहे, हें मी मान्य करतों. वडवणीपासून अरबी समुद्राचा किनारा तीनशें किलोमीटरांहून अधिक दूर आहे. आमच्या भागांतील पाणी तर त्या समुद्राकडे जातहि नाहीं. तें कुंडलिकेवाटे सिंदफणेंत, सिंदफणेवाटे मंजरथपाशीं गोदावरींत आणि तेथून पूर्वेच्या समुद्रास मिळतें. परंतु नकाशा उघडून पाहिलात तर वडवणी जवळजवळ मुंबईच्याच अक्षांशावर आहे असें आढळेल. आणि मृगापासून आमच्या शेतांवर जो पाऊस पडतो, त्यांतील वाफेचा मोठा वाटा याच पश्चिमेच्या समुद्राकडून येतो. ज्याच्या देण्यावर आमची बाजरी आणि कापूस पिकतो, त्याचा स्वभाव जाणून घेणें आम्हां कोरडवाहू मुलखांतील लोकांसहि अगत्याचें आहे. शिवाय आतां दिवाळीच्या आणि नाताळच्या सुटींत घाटावरचीं किती तरी कुटुंबें मालवण, तारकर्ली, गुहागर, अलिबाग येथें जातात, होडी भाड्यानें ठरवितात आणि समुद्रांत गळ टाकून पाहतात. या हौसेंत आनंद कशाचा आहे, धोका कोठें आहे आणि मर्यादा कोणती पाळावयाची, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

ही हौस परकी आहे, साहेबलोकांनीं ती इकडे आणली, असा एक समज आहे. तो सर्वस्वीं खरा नव्हे. ज्या कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता एके काळीं आमच्या मराठवाड्यावर होती, त्या घराण्यांतील राजा तिसरा सोमेश्वर यानें सुमारें ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नांवाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजानें मन कसें रमवावें याचे अनेक प्रकार त्यांत सांगितले आहेत, आणि त्यांत मत्स्यविनोदाचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या सुमारें पस्तीस जाती, त्यांतील समुद्राच्या कोणत्या व नदीच्या कोणत्या, खवल्यांच्या कोणत्या व बिनखवल्यांच्या कोणत्या, कोणत्या माशास कसलें आमिष मानवतें, हें सर्व त्यांत व्यवस्थित मांडलेलें आहे. राजधानी समुद्रापासून दूर, आजच्या बिदर जिल्ह्यांत. तरीहि राजाची जिज्ञासा समुद्रापर्यंत पोंचली होती. इंग्रजीतील या विषयावरचा प्रसिद्ध ग्रंथ, आयझॅक वॉल्टन याचा, १६५३ सालीं निघाला. म्हणजे तो पांचशें वर्षांनीं धाकटा आहे. आजच्या स्वरूपाची खोल समुद्रांतील शिकार मात्र अर्वाचीन खरी. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळील कॅटॅलिना बेटावर १८९८ सालीं चार्ल्स होल्डर यानें हलक्या दोरीनें मोठमोठे ट्यूना मासे धरणाऱ्यांचें मंडळ स्थापिलें, आणि तेव्हांपासून या खेळास नियम लागले. मासा किती मोठा धरला यापेक्षां किती हलक्या साधनानें आणि कोणाच्या मदतीवांचून धरला, याला तेथें मान. आपल्याकडे हा नाद प्रथम गोड्या पाण्याच्या तळ्यांवर रुजला. १८९१ सालीं पुरा झालेला मुंबईचा पवई तलाव त्यासाठीं पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. समुद्रावर गरवणें, म्हणजे गरी टाकून मासा धरणें, हें मात्र कोंकणांत हौशी लोकांच्या कितीतरी आधीपासून चालत आलेलें आहे. तें तेथील माणसाचें पोट आहे.

आतां ज्या समुद्रांत जावयाचें त्याचा तळ कसा आहे तें पाहूं. किनारा सोडला कीं लगेच अथांग खोली लागते, अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षांत आपल्या पश्चिम किनाऱ्यापुढें समुद्राखालीं एक रुंद ओटा पसरलेला आहे. मुंबईसमोर त्याची रुंदी दोन-तीनशें किलोमीटर भरते. दक्षिणेकडे गोवें-कारवारच्या बाजूस तो बराच अरुंद होतो. १९७४ सालीं जेथें खनिज तेल सांपडलें तें मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारें १६० किलोमीटर दूर आहे, पण तेथील पाणी उणेंपुरें ७५ मीटर खोल. म्हणजे कुत्ब मिनार उभा केला तर तो पाण्यांत कसाबसा बुडेल. या ओट्यापलीकडे एकदम उतार लागतो, आणि ट्यूनाच्या मोठ्या जाती, तलवारमासा, पाठीवर शिडासारखा पंख उभारणारा मासा, हे सारे त्या उताराच्या आसपास व त्यापलीकडे हिंडतात. मुंबईच्या हौशी माणसास एका दिवसांत तेथें जाऊन येणें अवघड, आणि रत्नागिरीखालीं तें त्या मानानें सोपें, याचें कारण हा ओटा होय. विजयदुर्गापासून सुमारें १०५ किलोमीटर पश्चिमेस समुद्रांत एक बुडालेला पोंवळ्यांचा पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नांवावरून त्यास आंग्रिया बँक म्हणतात. त्याची लांबी सुमारें ४० किलोमीटर, आणि माथ्यावर पाणी अवघें २० मीटर, म्हणजे अकरा वांव. पोंवळीं जेथें वाढतात तेथें लहान मासे आश्रयास येतात, आणि लहानांच्या मागें मोठे येतात. असलीं स्थळें समुद्राच्या मुलखांतील देवराया आहेत. तेथें शिकाऱ्यानें जपून वागावें हेंच बरें.

समुद्राचें पाणी वरपासून तळापर्यंत एकसारखें नसतें, ही दुसरी लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट. उन्हानें तापलेला हलका थर वर तरंगतो आणि थंड, जड पाणी खालीं राहतें. मे महिन्यांत आपल्या समुद्राच्या पृष्ठभागाचें उष्णतामान ३० अंश सेल्सियसपर्यंत व कधीं त्याहूनहि वर जातें. पौष-माघांत तें दोन-चार अंशांनीं उतरतें. अरबी समुद्राचें आणखी एक वैशिष्ट्य असें कीं, त्याच्या खोल भागांत सुमारें दीडशें मीटरांखालीं प्राणवायु अत्यंत थोडा असतो. ट्यूनासारखे अविश्रांत पोहणारे मासे अशा पाण्यांत फार वेळ राहूं शकत नाहींत; ते वरच्या थरांतच वावरतात. म्हणून येथें गळवाल्यास फार खोल दोर सोडण्याचें कारण पडत नाहीं.

पावसाळ्यांत आणखी एक मोठी उलथापालथ होते. नैर्ऋत्येचा जोरदार वारा आणि त्या दिवसांत किनाऱ्यालगत दक्षिणेकडे वाहणारा प्रवाह यांच्यामुळें वरचें पाणी किनाऱ्यापासून दूर लोटलें जातें, आणि त्याच्या जागीं खालचें थंड पाणी वर येतें. हें विशेषेंकरून केरळ, कर्नाटक आणि गोवें यांच्या किनाऱ्यावर घडतें. या वर आलेल्या पाण्यांत वनस्पतींस लागणारीं खतें विपुल असतात. शेतांत शेणखत पडावें तसें होऊन सूक्ष्म वनस्पति माजतात, त्यांवर तारली आणि बांगडा पोसतात, आणि पाऊस उघडल्यावर त्यांच्या थव्यांमागें सुरमई व कुपा येतात. गळाचा हंगाम आश्विनांत कां भरतो, याचें कोडें येथें सुटतें.

आतां वर्षाचें कोष्टक मांडूं. आमच्याकडे ऊसतोडीला निघणारी टोळी दिवाळीच्या सुमारास गांव सोडते आणि उन्हाळ्यांत परतते. तसेंच समुद्राचेंहि एक ये-जा करण्याचें वर्ष आहे, आणि तें नारळी पौर्णिमेस सुरू होतें. कोळी त्या दिवशीं दर्यास नारळ अर्पण करून होड्या लोटतात. यांत नुसती श्रद्धा नाहीं. श्रावणाच्या पौर्णिमेपर्यंत नैर्ऋत्य वाऱ्याचा पहिला आवेश ओसरूं लागतो, हा शेंकडों वर्षांचा अनुभव त्या एका नारळांत सांठविलेला आहे. सरकारी बंदीहि त्याच सुमाराची आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांस मासेमारी मना करण्याचा केंद्र सरकारचा दंडक आहे. पुष्कळ जातींच्या माशांचा अंडीं घालण्याचा काळ याच दिवसांत येतो, आणि समुद्रहि खवळलेला असतो. तेव्हां मासा आणि माणूस या दोघांच्याहि रक्षणाचा हा नियम आहे. हौशी माणसानें या दोन महिन्यांत खोल समुद्राचें नांवहि काढूं नये.

भाद्रपदांत खाड्यांच्या मुखांशीं पाणी गढूळ असतें आणि लाटहि पुरती बसलेली नसते. आश्विन-कार्तिक, म्हणजे सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ, हा गळाचा खरा सुगीचा काळ. पाणी निवळूं लागलेलें, लहान मासळीचे थवे वर आलेले, आणि त्यांच्या भोंवतीं शिकारी मासे फिरत असलेले. मार्गशीर्ष ते माघ या दिवसांत समुद्र सर्वांत शांत आणि स्वच्छ असतो. कुटुंबासह जाणाऱ्यांनीं हेच दिवस निवडावे. तरीहि एखादे वेळीं उत्तरेचा थंड वारा जोर करतो, आणि इराणच्या आखातावरून सुटणाऱ्या ‘शमाल’ नांवाच्या वाऱ्याची लाट दोन-तीन दिवस आपल्या किनाऱ्यावर येऊन आदळते. फाल्गुनापासून दुपारचा वायव्येचा वारा वाढत जातो. वैशाखांत पाणी तापतें आणि सकाळचे चार तास काय ते उपयोगाचे राहतात. याच दिवसांत कधीं कधीं वाऱ्याचा मागमूस नसतां किनाऱ्यावर मोठ्या लाटा येतात. त्या येथल्या नसतात. हजारों किलोमीटर दूर दक्षिण महासागरांतील वादळानें उठलेल्या त्या लाटा चार-सहा दिवस प्रवास करून इकडे पोंचतात. आकाश निरभ्र म्हणून समुद्र निर्धोक, हा हिशेब येथें चुकतो.

दिवसाचेंहि एक वेळापत्रक आहे. रात्रीं जमीन लवकर निवते आणि पहांटे जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहतो. त्यास मतलई म्हणतात. दुपारीं जमीन तापली कीं समुद्रावरून खारा वारा येतो. शिडाच्या दिवसांत तांडेल मतलईवर बाहेर जात आणि खाऱ्या वाऱ्यावर घरीं येत. आज होडीला यंत्र आहे, पण नियम तोच उत्तम: अंधारांत निघावें आणि दुपारचा वारा भरण्यापूर्वीं परतीस लागावें. पहांटेच्या फटफटीत मासाहि भुकेला असतो.

भरती-ओहोटीचें गणित घाटावरच्या माणसास अवघड वाटतें. परंतु ज्या घरांत पंचांग आहे तेथें तें तोंडीं करतां येतें. कोंकणांतील जुना हिशेब असा: तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ ढोबळ मानानें निघते. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, द्वादशीस नऊ वाजतां. अमावास्या-पौर्णिमेस बाराच्या सुमारास. सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे हाच हिशेब, कारण दिवसांत दोन भरत्या येतात आणि रोज त्या सुमारें पाऊण तासानें पुढें सरतात. ही वेळ मुंबई-कोंकणच्या किनाऱ्याची. अचूक वेळ हवी असेल तर छापील कोष्टकच पाहिलें पाहिजे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतें. पाणी फार चढतें, फार उतरतें आणि प्रवाह वेगानें धांवतो. मुंबईस उधाणाचा चढउतार पांच मीटरांपर्यंत जातो, मालवणकडे तो त्याच्या निम्म्यावर असतो. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. तेव्हां पाणी मंद. डोल जाळें लावणाऱ्या कोळ्यास उधाण हवें, कारण प्रवाहच मासळी जाळ्यांत आणून घालतो. तळाशीं गरी ठेवून बसणाऱ्यास भांग बरा, कारण उधाणांत त्याचें वजन तळाशीं ठरत नाहीं. एकाच समुद्रावर दोघांचीं पंचांगें अशीं वेगळीं असतात.

हौशी शिकाऱ्याचे मुख्य मासे कोणते? पहिला मान सुरमईचा. गोव्यांत तिला विसवण म्हणतात. चंदेरी अंगावर उभे करडे पट्टे, बाणासारखी देहयष्टि आणि कात्रीसारखे दांत. साध्या दोरीस ती एका झटक्यांत कापून जाते, म्हणून गळाजवळ वीतभर तरी तार बांधावी लागते. होडी मंद चालवीत मागें चकाकणारें नकली आमिष ओढीत नेलें कीं ती पाठलाग करून झडप घालते. दुसरा कुपा, ट्यूनाच्या कुळांतला. बहुतेक माशांचें रक्त पाण्याइतकेंच थंड असतें. ट्यूना मात्र आपले स्नायु पाण्याहून गरम राखतो, आणि त्यामुळें त्याची गति व दम दोन्ही असामान्य असतात. पांच-सहा किलोचा कुपा गळास लागला तरी नवख्याचे हात भरून येतात. तिसरा मोडसो, तो तरंगत्या ओंडक्याच्या वा खुणेच्या पिंपाच्या सावलींत रेंगाळतो. तळच्या खडकांवर तांबोशी आणि गोब्रा. खाडीच्या तोंडाशीं रावस आणि जिताडा. मासे कोठें आहेत हें पक्षी सांगतात. कुरव आणि सुरय एके ठिकाणीं घिरट्या घालून पाण्यांत सूर मारूं लागले, कीं खालीं लहान मासळीचा थवा वर रेटला जात आहे असें समजावें. होडी थव्याच्या मधून न नेतां कडेनें न्यावी. मधून नेली तर थवा बुडी मारतो आणि दिवस फुकट जातो. आजकाल आकाशांतूनहि खबर मिळते. हैदराबाद येथें १९९९ सालीं स्थापन झालेलें भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहांवरून पाण्याचें उष्णतामान आणि हिरवेपणा पाहून, मासळी कोठें मिळण्याचा संभव आहे तें कोळ्यांस कळवितें.

येथवर सारें ठीक. आतां विषयाच्या अवघड भागाकडे येतों. गळाचा हंगाम पावसाळ्याच्या दोन कडांस भरतो, हें आपण पाहिलें. चक्रीवादळांचा हंगामहि नेमका त्याच दोन कडांस असतो. वादळास तापलेलें पाणी लागतें, सुमारें साडेसव्वीस अंशांहून अधिक. आणि वरखालीं वेगवेगळ्या दिशांनीं वाहणारे जोरदार वारे असतील तर तें बांधलें जात नाहीं. ऐन पावसाळ्यांत असे वारे असतात, म्हणून तेव्हां वादळें थोडीं. पाऊस येण्यापूर्वीं आणि गेल्यावर समुद्र तापलेला आणि वारे सैल. तेव्हां वादळ बांधण्यास मोकळीक मिळते. म्हणजे जे दिवस शिकाऱ्यास बोलावतात, तेच दिवस त्यास फसवितात.

पूर्वीं अरबी समुद्र बंगालच्या उपसागराच्या मानानें शांत समजला जाई. आतां तो तितकासा तसा राहिलेला नाहीं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं नोंदी तपासून दाखविलें आहे कीं, १९८२ ते २००० या काळाच्या मानानें २००१ ते २०१९ या काळांत अरबी समुद्रांतील चक्रीवादळांची संख्या सुमारें निम्म्यानें वाढली. कारण समुद्र तापत चालला आहे. नोव्हेंबर २००९ मध्यें ‘फयान’ वादळ कोंकणावर आलें तेव्हां ऐन हंगामांत होड्या समुद्रांत होत्या. २०१९ च्या दिवाळींत ‘क्यार’ आणि त्याच्या पाठोपाठ ‘महा’, अशीं दोन वादळें एकाच वेळीं अरबी समुद्रांत उभीं होतीं. त्या वर्षीं महाराष्ट्राची समुद्री मासळीची आवक त्यापूर्वींच्या ४५ वर्षांत सर्वांत कमी ठरली, असें केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें प्रसिद्ध केलें. वादळांमुळें समुद्रावर जाण्याचे दिवसच बुडाले, हें त्याचें एक मोठें कारण. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें. ही तारीख नेहमींच्या बंदीच्या काळांतली. पुढच्याच वर्षीं १७ मे २०२१ रोजीं ‘तौक्ते’च्या तडाख्यांत मुंबई हायजवळ कामगारांचा एक तरता तळ बुडाला आणि साठांहून अधिक माणसें दगावलीं. बंदी लागण्यास त्या दिवशीं पंधरा दिवस अवकाश होता. या दोन तारखा शेजारीं ठेवून पाहाव्या. पूर्वजांनीं आंखलेली रेघ चुकीची नव्हती. समुद्र तिच्या अलीकडे-पलीकडे सरकूं लागला आहे. आतां नुसतें पंचांग पुरत नाहीं. त्याच्या जोडीला रोजची हवामानवार्ता पाहिजे.

या गोष्टीचा संबंध केवळ कोळ्यांशीं आणि हौशी शिकाऱ्यांशीं आहे असें कोणी मानूं नये. पुण्याच्या त्याच संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं दाखवून दिलें कीं, १९५० ते २०१५ या काळांत मध्य भारतावर दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीनें वाढले, आणि त्यांस लागणारी वाफ तापलेल्या उत्तर अरबी समुद्राकडून येते. पाऊस एकूण वाढला असें मात्र नव्हे; तो थोड्या दिवसांत कोसळतो आणि मधले दिवस कोरडे जातात. बालाघाटाच्या उतारावर शेती करणाऱ्यास याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं. आंग्रिया बँकेवरील तांडेल ज्या कारणानें आकाशाकडे संशयानें पाहतो, त्याच कारणानें वडवणीचा शेतकरी पेरणी लांबवावी कीं करावी या पेंचांत पडतो. दोघांचा धनी एकच आहे.

कोणी सुज्ञ श्रोता विचारील, कीं करमणुकीसाठीं जीव धरावाच कशाला? हा प्रश्न टाळण्यासारखा नाहीं. ज्यास तो पटतो त्यानें गळ न टाकतां होडींतून समुद्र पाहावा. त्यांत उणें कांहींच नाहीं. परंतु ज्यास शिकार करावयाची आहे, त्यानें निदान शिकाऱ्याचा धर्म पाळावा. घरांत शिजेल तेवढेंच घ्यावें. लहान मासा सोडून द्यावा. आणि फार मोठी सुरमई हातीं आली तर ती बहुधा अंड्यांनीं समृद्ध मादी असते, हेंहि आठवावें. मासा सोडावयाचा तर ओल्या हातानें धरून लगेच सोडावा. तळच्या खोल पाण्यांतून वर खेंचलेल्या माशाच्या पोटांतील हवेची पिशवी फुगते आणि तो सोडला तरी बहुधा जगत नाहीं. तेव्हां तेथें सोडण्याच्या भरंवशावर धरीतच सुटूं नये. कांसव गळास लागलें तर दोर कापून मोकळें करावें. व्हेल शार्क नांवाच्या प्रचंड, ठिपकेदार आणि निरुपद्रवी माशास २००१ पासून वन्यजीव कायद्याचें पूर्ण संरक्षण आहे. त्याच्या वाटेस जाऊं नये. आणि जेथें कोळ्यांचीं जाळीं लागलीं असतील तेथून दूर राहावें. आपली ती दोन घटकांची मौज असते, त्यांचें तें वर्षाचें पोट असतें. लक्षद्वीपांतील मिनिकॉयचे लोक आजहि काठी आणि दोरीनें एकेक ट्यूना धरतात. त्यांच्या या पद्धतींत नको तो मासा फारसा मरत नाहीं. गळ हें साधन मुळांत संयमाचें आहे. तें हातीं घेऊन लोभ धरणें शोभत नाहीं.

शेवटीं, सुटींत जाणाऱ्या कुटुंबांसाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी. होडी नोंदलेली आहे कीं नाहीं तें विचारावें. प्रत्येकाच्या अंगावर, लहान मुलांच्या तर आधीं, तरंगण्याचें जाकीट चढवावें; तें फळीखालीं ठेवून उपयोग नाहीं. ज्यांस बोट लागते त्यांनीं आदल्या रात्रीं हलकें जेवावें आणि क्षितिजाकडे नजर ठेवावी. निघण्यापूर्वीं किनाऱ्यावरील कोणास तरी कोठें जातों आणि केव्हां परतूं हें सांगून ठेवावें. आणि सर्वांत महत्त्वाचें: आदल्या संध्याकाळीं आणि त्या पहांटे हवामानाचा इशारा ऐकावा. तांडेल नको म्हणाला तर वाद घालूं नये. आपण दुरून आलों, पैसे भरले, रजा संपत आली, हीं कारणें आपल्याला मोठीं वाटतात. समुद्रास तीं ठाऊक नसतात. कोळ्यानें ज्या दिवशीं होडी लोटली नाहीं, त्या दिवशीं पाहुण्यानें वाळूवर बसून चहा घ्यावा.

दुष्काळी मुलखांत आम्ही लहानपणापासून एक गोष्ट शिकतों, कीं पाण्यावर माणसाची सत्ता चालत नाहीं. त्याची वेळ पाहून आपली वेळ ठरवावी लागते. विहिरीच्या तळाशीं उरलेल्या पाण्याला जो नियम, तोच अकरा वांव पाण्याखालच्या पठारालाहि. तो ज्यानें पाळला त्याला समुद्र सुरमई देईल, क्वचित् देणारहि नाहीं. पण घरीं सुखरूप परत पाठवील, आणि पुढच्या नारळी पौर्णिमेनंतर पुन्हां येण्यास वाट मोकळी ठेवील.